अंगावर पॅरिस, पोटात डिसोटो : सोलापुरातले चार दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

"गॅरेज रिकामं करायलोय. रविवारी भंगारवाला यायलाय. तुला काय बघायचं असंल तर त्याच्या आधी ये." मामांचा फोन एवढाच. पन्नासेक वर्षं चाललेला गाळा बंद होतोय हे त्यांनी घरातलं मीठ संपलं असं सांगावं तसं सांगितलं. मी दोन दिवस रजा टाकली आणि सकाळी पुण्याहून निघाले.

सोलापूर रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. हडपसरच्या गर्दीत अर्धा जीव जातो, पुढचे अडीचशे किलोमीटर सरळच आहेत. यवत, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ. जानेवारी असल्यामुळे टेंभुर्णीनंतर दोन्ही बाजूंना ज्वारी भरात होती, बाकी सगळे टोलनाके.

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक खेळण्याएवढी गडद निळी गाडी चिकटवलेली असते. लोक गणपती ठेवतात, मी फासेल वेगा ठेवली आहे. टोलनाक्यावरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, जग्वार का?" त्याचा दोष नाही. दहा वर्षंच बनली ती गाडी, १९५४ ते १९६४. सगळ्या मिळून साधारण २,९०० निघाल्या असतील. फ्रान्समध्येही हे नाव आता गाड्यांचं वेड असलेल्यांनाच माहीत असतं.

मला ती भेटली ती पॅरिसजवळ. कामासाठी गेले होते, रविवार मोकळा होता. व्हॅन्सेनच्या किल्ल्यासमोर हौशी लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन जमले होते. त्यात फासेलची एक एचके ५०० उभी होती. दिवे एकावर एक रचलेले, पुढची काच दोन्ही कडांना वळलेली, आत विमानात असतात तसले लिव्हर. डॅशबोर्ड अक्रोडाच्या लाकडाचा, त्यावर गाठींच्या नक्षीचे सुंदर वळसे. मालक म्हातारा होता, हात लावा म्हणाला. लावला तर गार! लाकूड नव्हतंच ते. पत्रा होता, आणि त्यावर कुणीतरी हाताने, रेघ रेघ ओढून, लाकूड रंगवलं होतं. एवढी महागडी गाडी, आणि लाकडाच्या जागी पत्रा. पण ते रंगकाम इतकं निगुतीचं होतं की फसवणूक झाली असं वाटेना. त्या दिवसापासून मी या कंपनीच्या मागे लागले.

दुपारी पोचले. मामींनी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि वांग्याचं कालवण वाढलं. मामा खाली जाऊन माझी गाडी बघून आले (कुणीही आलं की आधी बॉनेट उघडतात, मग माणसाला पाणी विचारतात) आणि म्हणाले, "ती बारकी निळी कुठली गं?"

"फ्रान्सची. पण इंजिन डिसोटोचं."

मामांचा घास हातातच राहिला. "डिसोटो? म्हंजे आपली डिसोटो?"

"तीच कंपनी."

"उद्या गॅरेजात सांग. नीट सांग," एवढंच बोलून ते परत जेवायला लागले.

दुसरा दिवस, शनिवार

गाळा जुन्या पुणे नाक्याच्या बाजूला आहे. शटर वर केलं की पहिल्यांदा वास येतो: जळकं ऑइल, डिझेल आणि कॉटन वेस्ट. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मला त्या वासाने भूक लागायची, काय संबंध होता कुणास ठाऊक. मधोमध खड्डा, त्यावर फळ्या. भिंतीवर पाने मोठ्यापासून छोट्यापर्यंत टांगलेले, आणि प्रत्येकाच्या मागे खडूने त्याची आकृती, म्हणजे कुणी परत लावला नाही तर मामांना लगेच कळावं. टेबलावर एक पिस्टन उलटा ठेवलेला, त्यात पेनं, टायर गेज आणि एक कंगवा.

मामा चौदाव्या वर्षी एका उस्तादाकडे लागले. तेव्हा सोलापुरातून चादरी आणि सुताचे गठ्ठे घेऊन जाणाऱ्या ट्रकांत फार्गो आणि डॉज भरपूर. उस्तादाकडे एका कापडवाल्याची डिसोटो मोटारही यायची. "तिला हात लावायचा मान मला दोन वर्षांनी मिळाला," मामा म्हणाले. "आता तू सांग. फ्रान्सवाल्यांना आपलं इंजिन कशाला लागलं?"

मी स्टुलावर बसले. मामा आणि गॅरेजचा पोरगा खोकी भरत होते. मी सांगत होते ते असं.

फासेल ही मुळात मोटार कंपनीच नव्हती. १९३९ मध्ये पत्राकामासाठी आणि विमानांच्या सुट्या भागांसाठी सुरू झालेला तो कारखाना. फासेल ही त्या लांबलचक फ्रेंच नावाची आद्याक्षरं. तो उभा करणारा ज्याँ दानिनोस आधी सित्रोएनमध्ये होता. युद्ध संपल्यावर फासेल दुसऱ्यांच्या गाड्यांच्या बॉड्या बनवायला लागली. पानारसाठी, सिम्कासाठी, फ्रान्समधल्या फोर्डच्या कोमेत नावाच्या देखण्या गाडीसाठी.

"म्हंजे बॉडीवाला," मामांनी निकाल दिला. "चासी तुमची, बॉडी आमची."

अगदी. आणि बॉडीवाल्याचं दुःख मामांना सांगावं लागत नाही. मोठं गिऱ्हाईक गेलं की दुकान ओस. १९५४ च्या सुमाराला तेच झालं. पानारने नवी गाडी काढली तिची बॉडी ते स्वतःच्याच कारखान्यात करणार होते, आणि फोर्डचा फ्रान्समधला धंदा सिम्काने घेतला. दानिनोसच्या हाताखाली हजारो तास पत्रा ठोकलेली माणसं होती, त्यांना काम हवं होतं. त्याने ठरवलं, आता पूर्ण गाडी आपलीच.

वेळ मात्र भलतीच होती. युद्धानंतर फ्रेंच सरकारने मोठ्या इंजिनांवर कर असा चढवला होता की डेलाहे, टॅल्बो, बुगाटी ही राजेशाही नावं एकेक करून विझत होती. डेलाहे तर त्याच वर्षी संपली. मोठं इंजिन बनवणारं फ्रान्समध्ये जवळजवळ कुणी उरलंच नव्हतं. म्हणून दानिनोस अमेरिकेकडे वळला, आणि डिसोटोची मालक असलेल्या क्रायस्लर कंपनीने त्याला डिसोटोचं साडेचार लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट दिलं. १९५४ च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात ती गाडी लोकांसमोर आली. वेगा हे ताऱ्याचं नाव त्याच्या भावाने सुचवलं. पिएर दानिनोस, तिकडचा नावाजलेला विनोदी लेखक.

"व्ही-एट?" मामा थांबले. "आपल्या डिसोटोला व्ही-एट नव्हतं." खडू घेऊन ते जमिनीवर बसले आणि एका रेषेत सहा गोल काढले. "सरळ सहा. वाल्व डोक्यावर नाहीत, बाजूला. हेड काढलं तर नुसतं झाकण. डोळे मिटून करता यायचं काम." मग थोडं थांबून हळूच, एखादं गुपित सांगावं तसं, "आणि ती डिसोटो पण खरी डिसोटो नव्हती बघ. आतून प्लिमथ. जाळी नि नाव तेवढं डिसोटोचं."

हे खरं आहे. क्रायस्लर परदेशी बाजारांसाठी डिसोटो डिप्लोमॅट नावाने जी गाडी देई ती प्लिमथच असे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज, प्लिमथ आणि डिसोटो एकाच छताखाली जुळवल्या जायच्या, त्यामुळे कुणाचं अंग कुणाला लागलं तरी कुणी तक्रार करत नव्हतं. एका बॅजखाली किती नाती लपलेली असतात. डिसोटोचं स्वतःचं आयुष्यही ३२ वर्षांचंच, १९२८ ते १९६०. म्हणजे आपलं इंजिन घेणारी फासेल संपायच्या चार वर्षं आधी देणारी गेली.

पुढे फासेलने क्रायस्लरची अजून मोठी इंजिनं घेतली. एचके ५०० ला पावणेसहा-सहा लिटरची, मग ६.३ लिटरची, ३६० अश्वशक्तीची. गिअरबॉक्स पाँ-आ-मूसाँ या फ्रेंच कंपनीचा, चार गिअरचा. बंपर आणि बाहेरची चकाकी क्रोमची नाही, अस्सल स्टेनलेस स्टीलची, कारण कारखान्याचा हात त्याच धातूवर बसलेला. गिऱ्हाइकं चित्रकार पिकासो, हॉलिवूडची नटी अ‍ॅव्हा गार्डनर. मोटार शर्यतींतला स्टर्लिंग मॉस शर्यतींना जायला विमानाऐवजी आपली एचके ५०० काढायचा. हे नाव ऐकून मामांनी मान डोलावली. बाकीच्यांशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

फ्रेंच लेखक काम्यूचंही सांगितलं. ४ जानेवारी १९६० ला अल्बेर काम्यू पॅरिसला परत निघाला होता, खिशात रेल्वेचं तिकीट होतं. पण प्रकाशक मित्र मिशेल गालिमारने गाडीतून चल म्हटलं. ती फासेल वेगा होती. व्हिलब्लव्हँ गावाजवळ ती झाडावर आदळली. काम्यू जागीच गेला, गालिमार काही दिवसांनी. या गाडीचं नाव आज ज्यांना माहीत आहे त्यांच्यापैकी निम्म्यांना ते या अपघातामुळेच माहीत आहे. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "टायर फुटला का?" फिटरचा शोक असा असतो.

त्यांना सगळ्यात रस वाटला तो एक्सलाँसमध्ये. चार दारांची लांबलचक गाडी, पुढची दारं पुढे उघडायची, मागची मागे, आणि मध्ये खांबच नाही. दोन्ही दारं उघडली की बैठकीच्या खोलीत शिरल्यासारखं वाटावं. जेमतेम दीडशे बनल्या.

"मधला खांब काढला?" मामा उठून उभे राहिले. "आणि खाली काय दिलं मग? एवढ्या लांब गाडीला?" त्यांनी दोन्ही हात आडवे धरले आणि मधून वाकवून दाखवले. "दारं लागणार नाहीत."

लागायची नाहीतच. चासी लवायची आणि काही गाड्यांची दारं अडकून बसायची. मामांनी फोटो न बघता सांगितलं.

संध्याकाळी मामींनी ओढून गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला नेलं. होम मैदानावर अजून गर्दी होती, पाळणे, भांड्यांची दुकानं, भज्यांच्या कढया. नंदीध्वजांची मिरवणूक संक्रांतीलाच होऊन गेली होती. एकाच रांगेत मराठी, कन्नड आणि तेलुगू ऐकू आलं आणि तिन्हींत घासाघीस सारखीच. मी एक चादर घेतली, घरात आधीच सहा असताना.

तिसरा दिवस, रविवार

भंगारवाला अकराला येणार होता. सकाळी एकटीच फिरायला निघाले. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यात देऊळ पडलं होतं, किल्ल्याच्या तटावर पोरं व्यायाम करत होती. तिथून चार हुतात्मा पुतळ्यांपाशी. १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. नुकतीच पुण्यतिथी झालेली, पायथ्याशी हार सुकलेले होते.

मला खरं तर कुर्ल्याची ती प्रीमियर उभी करणाऱ्या वालचंद हिराचंदांच्या खुणा बघायच्या होत्या. २३ नोव्हेंबर १८८२ ला ते याच गावात जन्मले. वडील हिराचंद नेमचंद दोशी, कापसाचे व्यापारी आणि सावकार. त्यांच्या नावाचं वाचनालय इथे आहे, वालचंदांच्या नावाची कॉलेजं आहेत. रिक्षावाल्याला विचारलं, वालचंद कोण होते? "इंजिनिअरिंग कॉलेजवाले," तो म्हणाला. चूक नाही म्हणता येत.

या माणसाला घरचा कापूस पुरला नाही. फाटक नावाच्या, रेल्वेत कारकुनी केलेल्या भागीदाराबरोबर त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. मग बोरघाटातले बोगदे, मग सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी, जिची लॉयल्टी बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. १९३९ मध्ये मोटारीच्या कारखान्यासाठी अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. याच प्रवासात विमानात त्यांना विल्यम पॉली हा विमानं विकणारा माणूस भेटला, आणि गप्पांतून बंगळूरचा हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना निघाला, डिसेंबर १९४० मध्ये. मोटार आणायला गेलेला माणूस विमान घेऊन आला! मोटारीला मात्र इंग्रज सरकारने युद्धाच्या नावाखाली ताटकळत ठेवलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली ती १९४४ मध्ये.

म्हणजे दानिनोस क्रायस्लरच्या दारात उभा राहिला त्याच्या चौदा-पंधरा वर्षं आधी एक सोलापूरकर तिथे जाऊन आला होता. दोघांनीही इंजिन मागितलं. एकाला त्यावर मखमल चढवायची होती. दुसऱ्याला आधी नुसतं जुळवायचं, मग एकेक भाग इथे करायचा, आणि शेवटी पूर्ण गाडी. दानिनोसची गाडी मला जास्त आवडते, हे मी मामांसमोर कबूल केलं नाही. वालचंद १९५३ मध्ये गेले. पुढच्या वर्षी कुर्ल्यात फियाट ११०० सुरू झाली, जिची पुढे पद्मिनी झाली.

अकराला भंगारवाला वजनकाटा घेऊन आला. "का बे, काटा नीट हाय ना?" हे मामांचं स्वागत. लोखंड वेगळं, बीड वेगळं, अ‍ॅल्युमिनियम वेगळं. एक डॉजचं हेड, तीन ब्लॉक, पिंपभर बोल्ट. हुंडी लिहावी तसं मामा प्रत्येक वजन वहीत टिपत होते. मी मदत म्हणून पितळी बुशी निवडत बसले आणि कालची गोष्ट पुढे सुरू केली.

बड्या लोकांना विकून कारखाना भरत नव्हता. दानिनोसला वाटलं, लहान, जरा कमी किमतीची स्पोर्ट्स गाडी काढू, आणि इंजिन संपूर्ण फ्रेंच असू दे. गिअरबॉक्स बनवणाऱ्या पाँ-आ-मूसाँनेच इंजिनही करायचं ठरलं. १.६ लिटर, चार सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, ११५ अश्वशक्ती. गाडीचं नाव फासेलिया.

"किती म्हणालीस?"

"एकशे पंधरा."

"एक पॉइंट सहातून?" मामांनी वही ठेवली. "आपल्या फियाटचं १०८९ सीसी. चाळीस घोडे देतंय, पण वीस वर्षं देतंय." टेबलावरचा पिस्टन त्यांनी उलटा करून रिकामा केला. पेनं, गेज, कंगवा. मग कॉटन वेस्टने त्याचं डोकं पुसलं आणि माझ्यापुढे धरला. त्यावर काळ्या वर्तुळाच्या आत फिकट करडा डाग होता. "हे बघ. जाळ इथं पडतो. बारक्या इंजिनातनं एवढी ताकद काढायची म्हंजे पिस्टनच्या डोक्यावर वैशाखातलं सोलापूर. कूलिंगमध्ये एवढंसं कमी पडलं, की इथं खड्डा. मग भोक. पिस्टन जळले ना त्यांचे?"

"जळले."

"सांग की मग."

जळले, आणि विकलेल्या गाड्यांतून जळले. वॉरंटीचे दावे एकामागून एक आले. गिऱ्हाइकं अशी होती की ज्यांचा शब्द पॅरिसच्या प्रत्येक मेजवानीत फिरायचा. फासेलियाची बदनामी मोठ्या गाड्यांनाही लागली, ज्यांच्या क्रायस्लर इंजिनांचं काहीच चुकलं नव्हतं. १९६१ मध्ये दानिनोसला पायउतार व्हावं लागलं. पुढच्या वर्षी कंपनी कर्जबाजारी म्हणून दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. गंमत अशी की याच पडत्या काळात त्यांची सगळ्यात देखणी गाडी निघाली, फासेल टू. १८० च्या आसपास बनल्या. बीटल्समधल्या रिंगो स्टारने एक घेतली होती.

"मग फासेलियाला दुसरं इंजिन नाही घातलं?" मामांनी विचारलं. तेवढ्यात भंगारवाल्याचं आणि पोराचं डॉजच्या हेडवरून वाजलं, मामा तिकडे धावले, आणि गोष्ट तिथेच तुटली. दुपारी दोनपर्यंत गाळा रिकामा झाला. भिंतीवर पाने नव्हते, नुसत्या खडूच्या आकृत्या उरल्या होत्या.

पिस्टन मामांनी काट्यावर ठेवला नाही. परत पेनं भरली आणि घरी आणला.

चौथा दिवस, सोमवार

मामींनी शेंगापोळ्या, धपाटे आणि दोन किलो चटणी बांधून दिली. निघताना मामांनी माझ्या गाडीचं ऑइल बघितलं, दोनदा.

इंदापूर तालुक्यात हायवे सोडून वालचंदनगरला वळसा घातला. उसाचे ट्रॅक्टर, मळीचा वास, जुनी आखीव कॉलनी. वालचंदांनी इथल्या माळरानावर शेती आणि साखर कारखाना उभारला. आज इथला अभियांत्रिकी कारखाना इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवतो. आत जायची परवानगी नव्हती, फाटकावरून परत फिरले.

भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी चिलापी खायला थांबले. लांब उथळात फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ दिसत होती. ताट आलं आणि फोन वाजला.

"पोचलीस का?"

"भिगवण."

"बरं. ते काल राहिलं. दुसरं इंजिन घातलं का नाही त्यांनी?"

"घातलं मामा. १९६३ मध्ये व्होल्वोचं. गाडीला नाव दिलं फासेल थ्री."

"व्होल्वोचं? मग चाललं असंल."

"चाललं. एकदम दणकट."

"मग?"

"तोवर लोकांनी येणं बंद केलं होतं. सरकारने कर्जाची हमी पुढे चालू ठेवली नाही. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद."

पलीकडे काही वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग मामींना हाक मारून मामा म्हणाले, "अगं, बंद झालं म्हणे ते." आणि मला, "काटे बघून खा. रस्सा मागवलास का?"